पगार मैत्रिणीच्या खात्यावर घेऊ का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका नोकरीसाठी परदेशात येऊन दीड महिना झाला आहे. व्हिसा, पासपोर्ट, नोकरीचं पत्र सगळं रीतसर आहे, पण बँकेत खातं काही उघडत नाही. पहिल्या बँकेत काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि ‘पत्त्याचा पुरावा आणा’ म्हणून परत केला. घराचा भाडेकरार तिथे आधीपासून राहणाऱ्या मैत्रिणीच्या नावावर आहे. दुसऱ्या बँकेच्या अॅपने फोटो, सेल्फी, सह्या सगळं घेतलं आणि ‘आम्ही तुम्हाला खातं देऊ शकत नाही’ एवढ्या एका ओळीत विषय संपवला. तिसरीकडे ‘इथे सहा महिने राहा, मग या’ असं ऐकायला मिळालं. आता पगाराची तारीख तोंडावर आली आहे. मैत्रीण म्हणते, ‘माझ्या खात्यावर घे, मी तुला रोख काढून देते.’ पत्रलेखिका लिहितात, ‘मी परकी आहे म्हणूनच हे चाललंय, हे उघड आहे. नोकरीच्या पत्रावर माझं मधलं नाव नाही, पण तेवढ्याने काही अडत नसावं. भांडू की गप्प बसू? आणि मैत्रिणीच्या खात्यावर पगार घेतला तर बिघडलं कुठे?’ (देशाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील त्यांच्या विनंतीवरून वगळले आहेत.)

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला तारीख चिकटलेली आहे. मैत्रिणीच्या खात्यावर पगार घेऊ नका. एका महिन्यापुरताही नको.

तुमच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काही दिसत नाही. कष्ट तुमचे, पैसे तुमचे, मैत्रीण विश्वासाची. पण बँकेच्या संगणकाला मैत्री दिसत नाही. त्याला दिसतं ते इतकंच: या बाईंच्या खात्यावर, त्या जिथे कामाला नाहीत अशा कंपनीकडून मोठी रक्कम आली आणि लगेच रोखीने बाहेर गेली. चोरीचा पैसा फिरवणारे लोक दुसऱ्यांची खाती नेमकी अशीच वापरतात, आणि बँकांची यंत्रणा हाच नमुना शोधत बसलेली असते. तिचं खातं गोठवलं गेलं तर तिचं भाडं, वीज, तिचा स्वतःचा पगार सगळं अडकेल. कारण विचारायला गेली तर ते कळेलच असंही नाही. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वर पाठवला असेल तर ग्राहकाला तसं सांगायला बहुतेक देशांत बँकेला कायद्यानेच मनाई असते. शिवाय ‘हे खातं मी स्वतःसाठीच वापरीन’ अशी अट तिने खातं उघडताना बहुधा मान्य केलेली असते. ती कुणी वाचत नाही, पण मोडली की बँकेला बरोबर आठवते.

तुमचंही नुकसान आहेच. पुढे व्हिसाचं नूतनीकरण असो की स्वतःच्या नावावर घर घेणं असो, ‘पगाराची पावती आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवून दाखवा’ असं सांगितलं जाण्याची शक्यता मोठी. पावती तुमची आणि स्टेटमेंट दुसरीचं, हे कोणाकोणाला समजावत बसणार?

मग या महिन्याचं काय? एचआरला फोन न करता मेल लिहा. खातं उघडायला उशीर का होतोय ते दोन ओळींत सांगा आणि विचारा: चेकने देता येईल का, तुमच्या नावावर दुसऱ्या देशात असलेल्या खात्यावर पाठवता येईल का, थोडी उचल मिळेल का, की उरलेली रक्कम पुढच्या महिन्यात एकत्र देणार? उशीर चालेल, पण पैसे माझ्याच नावावर हवेत, हे स्पष्ट लिहा. आणि हेही विचारा की कंपनीचे पगार कोणत्या बँकेमार्फत होतात. त्या बँकेत कंपनीचं काम पाहणारा कुणीतरी माणूस असतो. एचआरने त्याला एक मेल टाकला की काउंटरवर आठवडाभर अडलेलं काम कधी कधी एका दुपारी होतं. नव्या माणसांना हा रस्ता कुणी दाखवत नाही, कारण एचआरला वाटतं तुम्ही बँकेत बघताय आणि बँकेला वाटतं एचआर बघेल.

तुम्ही युरोपीय संघातल्या देशात असाल तर आणखी एक गोष्ट. ‘खातं आमच्याच देशातलं हवं’ असं कंपनीला युरोतल्या पगाराच्या बाबतीत म्हणता येत नाही. २०१२ च्या सेपा नियमनाने, म्हणजे युरोतल्या बँक व्यवहारांच्या युरोपीय नियमांनी, त्याला मनाई केली आहे. लिथुआनियाच्या ‘एलटी’ने सुरू होणारा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) जर्मनीतल्या कंपनीने नाकारायचा नसतो. म्हणजे मोबाइलवर उघडणारं एखादं खातं तात्पुरती गरज भागवू शकतं. फक्त ते अॅप पूर्ण परवान्याची बँक आहे की निव्वळ पैसे इकडून तिकडे पाठवणारी संस्था, हे अटींमध्ये पाहून घ्या. युरोपीय संघात बँकेतल्या ठेवीला माणशी १ लाख युरोपर्यंत हमी असते. दुसऱ्या प्रकारच्या संस्थेला ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवावे लागतात, पण ही हमी तिथे लागू नसते. पगार तिथे उतरवून घ्यायला हरकत नाही, साठवत बसू नका.

आता तुमच्या त्या ‘उघड आहे’कडे येऊ.

तुम्ही परकी आहात म्हणून हे चाललंय, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेतलं तर पुढचं काम सोपं होईल. काउंटरपलीकडच्या बाईंच्या जागी बसून पाहा. पैशाच्या गैरव्यवहाराला आळा घालण्यासाठी १९८९ मध्ये एफएटीएफ ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली. तिच्या ४० शिफारशींमधली दहावी ‘ग्राहक नेमका कोण, याची खात्री करा’ असं सांगते, आणि जवळजवळ सगळ्या देशांचे केवायसीचे नियम त्याच मुशीतून निघालेत. त्या बाईंना तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळख क्रमांक यांची खात्री करायची असते. स्थानिक माणसाच्या बाबतीत हे संगणकावर क्षणात जुळतं. तुमचा पासपोर्ट त्यांना रोज दिसणारा नाही, पत्ता कुठल्याच नोंदीत नाही, आधीचा इतिहास शून्य. तुम्हाला खातं दिलं आणि काही निघालं तर जाब त्यांना विचारणार. नाही दिलं तर कोणी काही विचारत नाही. नव्या पगारदार ग्राहकाकडून बँकेला मिळकतही फारशी नसते. मग ‘नाही’ म्हणणं सगळ्यात स्वस्त पडतं. अख्ख्या गटालाच दूर ठेवण्याची ही सवय इतकी वाढली की २०१४ मध्ये खुद्द एफएटीएफला सांगावं लागलं: धोका प्रत्येक ग्राहकागणिक तोला, सरसकट दारं बंद करू नका.

याचा अर्थ भेदभाव होत नाही असा मुळीच नाही. ‘तुमच्या देशाच्या लोकांना आम्ही घेत नाही’ असं कोणी म्हणालं, किंवा तीच कागदपत्रं दुसऱ्याची चालली आणि तुमची नाही, तर तो भेदभाव, आणि तिथे गप्प बसण्याचं कारण नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या पेमेंट खात्यांविषयीच्या निर्देशात तर कायदेशीर रहिवाशाला राष्ट्रीयत्वावरून वेगळं वागवू नये असं स्पष्ट कलमच आहे. पण तुम्ही लिहिलेल्या तीन नकारांत मला तीन वेगवेगळी कारणं दिसतात, आणि तुम्ही तिघांची एकच मोळी बांधून ‘मी परकी’ असं लेबल लावलंय. ती सोडवू या.

पहिला नकार पत्त्याचा. तो खरं तर नकारच नाही, ‘हा कागद आणा’ असं सांगणं आहे. भाडेकरारात तुमचं नाव नसेल तर घरमालकाला लिहून सहरहिवासी म्हणून नाव घालून घेता येतं का पाहा. काही देशांत राहत्या पत्त्याची नोंद पालिकेच्या कार्यालयात करावीच लागते. तिथला शिक्क्याचा कागद बँकेत सगळ्यात वजनदार ठरतो. बाकी ठिकाणी कंपनीचं पत्र, विजेचं किंवा इंटरनेटचं बिल, कर खात्याकडून आलेलं पत्र, यांपैकी काय चालेल ते त्या बँकेच्या यादीतच पाहायचं. ‘काय चालेल?’ असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर येणार. ‘तुमची मान्य कागदपत्रांची यादी छापील द्या’ असं म्हणा.

आणि इथे मैत्रीण खरोखर उपयोगी पडेल. तिला तुमच्यासाठी काही करायचं आहेच ना? मग खात्याऐवजी तिची सही मागा: ‘ही माझ्याबरोबर अमुक पत्त्यावर अमुक तारखेपासून राहते’ असं पत्र, सोबत तिच्या भाडेकराराची प्रत. पण मूळ करारात दुसऱ्या कुणाला ठेवायची परवानगी आहे ना, हे आधी तपासा. नाहीतर बँकेचं निस्तरताना तिचं घरमालकाशी वाजायचं. ‘तुझ्या खात्यावर नको, उगाच तू अडचणीत येशील’ हे कारण तिला सरळ सांगा. रागावेल असं मला वाटत नाही.

पत्त्याचंच आणखी एक, अगदी बारीक पण घोळ घालणारं. पत्रपेटीवर तुमचं नाव आहे का? कार्ड आणि पिन बऱ्याचदा दोन वेगळ्या पाकिटांतून, वेगळ्या दिवशी टपालाने येतात. पेटीवर फक्त मैत्रिणीचं आडनाव असेल तर काही देशांत पोस्टमन पाकीट परत पाठवतो. पाकीट बँकेत परत गेलं की तुमचा पत्ताच खोटा आहे की काय अशी शंका तिथे सुरू होते. सगळ्या कसरती करून उघडलेलं खातं असं पुन्हा अडकतं. आजच एक चिठ्ठी चिकटवा.

दुसरा नकार यंत्राचा, आणि माझा संशय त्या मधल्या नावावर आहे, ज्याने ‘काही अडत नसावं’ असं तुम्हाला वाटतं.

पासपोर्ट उघडा. फोटोच्या पानावर तळाला दोन ओळी आहेत, गणितातल्या ‘पेक्षा लहान’च्या चिन्हांनी भरलेल्या. यंत्र त्याच वाचतं. एका ओळीत ४४ जागा. वरच्या ओळीतल्या पहिल्या पाच दस्तऐवजाचा प्रकार आणि देश यांत जातात, नावाला उरतात ३९. आधी आडनाव, मग दोन चिन्हं, मग तुमचं नाव, एक चिन्ह, आणि मग मधलं नाव. तुमचं नाव कुठे संपलं आणि मधलं कुठे सुरू झालं, याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. त्याच्या लेखी दोन्ही मिळून तुमचं नाव. लांबलचक नावं तर ३९ जागांत मावतही नाहीत, शेपटी कापली जाते. आता अॅपच्या फॉर्ममध्ये तुम्ही नोकरीच्या पत्राप्रमाणे नुसतं नाव-आडनाव भरलं असेल, तर समोर दोन वेगळी माणसं उभी राहिली. कित्येक अॅप तेवढ्यावर अर्ज बाद करतात आणि कारणही सांगत नाहीत.

उपाय कंटाळवाणा आहे, पण नेमका. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, सगळीकडे एकच नाव: बँकेचा फॉर्म, नोकरीचं पत्र, निवास परवाना, घराचा कागद. एचआरकडून दुरुस्त पत्र मागून घ्या. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असणाऱ्यांनी आणि लग्नानंतर नाव बदललेल्यांनी तर हे काम पहिल्या आठवड्यातच उरकावं. फॉर्ममध्ये मधल्या नावाला वेगळा रकाना नसेल तर ते पहिल्या नावाच्याच रकान्यात, एक जागा सोडून लिहा. आणि व्हिडिओवर ओळख पटवताना पासपोर्ट तिरका करायला सांगतात तो होलोग्राम चमकताना पाहण्यासाठी. दिव्याखाली बसून झगझगाट पाडला की तोही डाव फसतो. काही बँकांची ही सेवा काही देशांचे पासपोर्ट घेतच नाही. तिथे अॅपशी झटापट करण्यापेक्षा शाखेत वेळ घेऊन गेलेलं बरं.

तिसरा नकार, ‘सहा महिने राहा’वाला. हा नियम हवेतून आलेला नसावा. जपानमध्ये, उदाहरणार्थ, परकीय चलनाच्या कायद्याखाली नुकत्याच आलेल्या परदेशी माणसाला सहा महिने अनिवासी धरतात आणि त्याच्या खात्यावर बंधनं येतात. पण तिथल्या कार्यालयात नोकरी करणारा माणूस या अटीतून सुटतो. काउंटरवर नियमाचा पहिला भाग सांगितला जातो, दुसरा राहून जातो. तुमच्या देशातही असंच काही असू शकतं. म्हणून ‘सहा महिने का?’ असा वाद घालू नका. ‘हा नियम कायद्याचा की तुमच्या बँकेचा, आणि नोकरी करणाऱ्याला तो लागू आहे का?’ असं विचारा. अमेरिकेतही अशीच गफलत होते. सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही म्हणून लोकांना परत पाठवतात, पण तिथल्या केंद्रीय नियमानुसार परदेशी नागरिकाच्या ओळख क्रमांकाच्या जागी पासपोर्ट क्रमांकही चालतो. एखाद्या बँकेने त्याहून कडक अट घालावी, हा तिचा प्रश्न. मग तुम्ही शेजारची बँक गाठायची.

‘भांडू की गप्प बसू’ या प्रश्नात तुम्ही दोनच दारं ठेवलीत. मी सांगेन, लेखी मागा. आवाज न चढवता. ‘ठीक आहे, मग नकार लेखी द्या आणि कारण लिहा,’ हे वाक्य स्थानिक भाषेत पाठ करून जा. बऱ्याच वेळा एवढ्यावरच आतून कुणीतरी अनुभवी माणूस बाहेर येतो आणि कागद पुन्हा पाहतो, कारण लेखी नकार म्हणजे कुणाची तरी सही आणि पुढे तक्रार झाली तर पुरावा.

त्याच्या जोडीला दुसरं वाक्य: ‘मला मूलभूत खातं हवं आहे.’ अनेक देशांत साधं खातं हा रहिवाशाचा हक्क आहे, पण तो मागितल्याशिवाय मिळत नाही. आकर्षक कार्ड आणि ओव्हरड्राफ्ट असलेल्या खात्याचा फॉर्म भराल तर बँकेला नाही म्हणायची जास्त मुभा असते. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत खातं मागता येतं, ठरलेला पत्ता नसला तरी. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत खातं उघडायचं किंवा नाकारायचं, आणि नाकारलं तर सहसा कारण लेखी आणि विनाशुल्क कळवायचं, असं बंधन बँकेवर आहे. जर्मनीत २०१६ पासून ते लागू आहे आणि बँकेने टाळाटाळ केली तर बाफिन या नियामकाकडे दाद मागायचा फॉर्म आहे. फ्रान्समध्ये नकाराचं पत्र घेऊन बांक द फ्रान्सकडे जाता येतं, आणि ती मध्यवर्ती बँकच एखादी बँक नेमून देते: ‘यांचं खातं तुम्ही उघडा.’ कॅनडात नोकरी नसली, भरायला पैसे नसले, तरी ओळख पटत असेल तर खातं नाकारायला ती कारणं पुरत नाहीत. ब्रिटनमध्ये मोठ्या बँकांना विनाशुल्क मूलभूत खाती द्यावी लागतात, आणि तिथे आता निवासाचा दर्जा प्लास्टिकच्या कार्डाऐवजी ऑनलाइन दाखवायचा असल्याने शेअर कोड, म्हणजे तो दर्जा बँकेला तपासू देणारा सरकारी कोड, काढूनच बँकेत जावं. तुमचा देश यांपैकी नसेल तर तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर ग्राहकांच्या हक्कांचं पान शोधा आणि छापून बरोबर न्या. मोबाइलवर दाखवलेल्या पानापेक्षा कागदाचा मान अजूनही जास्त आहे, निदान बँकेत.

करविषयक फॉर्मला घाबरून काही जण अर्ज अर्धवट सोडतात. ‘तुम्ही करासाठी कोणत्या देशाचे रहिवासी? कर क्रमांक काय?’ असं त्यात विचारलेलं असतं. हा संशय नव्हे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या २०१४ च्या मानकानुसार शंभराहून जास्त देश परदेशी करदात्यांच्या खात्यांची माहिती एकमेकांना देतात, त्यासाठीची ही चौकशी. भारतासाठी त्या रकान्यात पॅन लिहायचा. नव्या देशाचा कर क्रमांक अजून आला नसेल तर ‘अर्ज केला आहे’ असं नोंदवायची सोय बहुतेक फॉर्मांत असते. रकाना रिकामा सोडू नका, आणि आठवत नाही म्हणून काहीतरी ठोकून तर मुळीच देऊ नका. याच ओघात, भारतातलं तुमचं साधं बचत खातं आता एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागेल. नोकरीसाठी देश सोडल्यावर ते तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही.

एक धोका तुमच्या पत्रात नाही, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. ‘इतके पैसे द्या, पत्त्याचा पुरावा करून देतो’ म्हणणारे लोक प्रत्येक शहरात भेटतात. खोटा कागद एकदा पकडला गेला की नाव फसवणुकीच्या नोंदीत जातं, आणि अशा नोंदी काही देशांत सगळ्या बँका पाहतात. आज तुमच्यापाशी एक कागद कमी आहे, त्यावर इलाज आहे. त्या नोंदीतून नाव काढायला मात्र फार वेळ लागतो.

आता क्रम असा लावा. आज एचआरला मेल, त्यात पगाराचाही विषय आणि दुरुस्त पत्राचाही. पत्रपेटीवर नाव. मैत्रिणीकडून पत्र. मग कंपनीची बँक असेल तर तिथे, नाहीतर विद्यापीठाजवळच्या किंवा परदेशी लोक जास्त राहतात अशा भागातल्या शाखेत वेळ घेऊन जा. तिथल्या लोकांनी तुमच्यासारखे पासपोर्ट पाहिलेले असतात. ज्या बँकेने पत्त्याचा पुरावा मागितला तिथेही पुन्हा जायला हरकत नाही, कागद घेऊन.

खातं उघडल्यावर निवास परवान्याची मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर टाका, दोन महिने आधीची आठवण लावून. परवान्याचं नूतनीकरण झालं आणि नवी प्रत बँकेला पोचलीच नाही, तर चालू खात्यावरही निर्बंध येतात. मला येणाऱ्या पत्रांत ‘खातं उघडत नाही’च्या खालोखाल हीच तक्रार असते.